बधिरतेची मोजदाद

कुर्ल्याहून हार्बर मार्गाने मुंबईकडे निघाले की पहिले स्थानक चुनाभट्टीचे, दुसरे गुरू तेगबहादूर नगरचे आणि तिसरे वडाळा रोडचे. भारतातील विजेवर धावणारी पहिली प्रवासी गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला आली ती याच मार्गाने, आणि रेल्वेच्या इतिहासात ही नोंद अभिमानाने केली जाते. मात्र याच टापूत वैद्यकाचाही एक इतिहास घडला आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय 1890 साली निराधार कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान म्हणून सुरू झाले, आणि ज्यांचे नाव त्याला मिळाले ते महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे तेच गृहस्थ होत. पुढे 1976 साली डॉ. आर. गणपती यांनी शीव-चुनाभट्टी परिसरात बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट ही संस्था उभी केली आणि रुग्णाला वस्तीतून उचलून वेगळे ठेवण्याऐवजी धारावीसारख्या दाट वस्तीत जाऊन त्याच्या घरीच उपचार पोहोचवण्याचा मार्ग धरला.

कुष्ठरोग लोकांना दिसतो तो त्वचेवरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यांतून आणि वाकड्या झालेल्या, आखूड झालेल्या बोटांतून. म्हणून तो कातडीचा रोग मानला जातो आणि त्याने बोटे झडतात असे अजूनही सांगितले जाते. वास्तविक तो मुख्यतः मज्जातंतूंचा, म्हणजे शरीराच्या कानाकोपऱ्यातून मेंदूपर्यंत खबर नेणाऱ्या आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत आणणाऱ्या धाग्यांचा रोग आहे. त्याने माणसाचे जे पहिल्यांदा हिरावले जाते ते रूप नव्हे, ती जाणीव असते. ही हानी बाहेरून दिसत नाही म्हणून ती समाजाच्या लक्षात येत नाही, आणि त्याच कारणाने ती सरकारी आकडेवारीतही दुय्यम ठरते, ही गंभीर चूक आहे. ती का गंभीर आहे हे कळण्यासाठी शरीराला स्वतःची जाणीव होते कशी, हे थोडे खोलात जाऊन पाहावे लागते.

परंपरेने पाच ज्ञानेंद्रिये मोजली आणि त्यांत स्पर्शासाठी त्वचा नेमून दिली. ही यादी पाठ झालेली असल्याने शरीराला कळणारे सगळे काही त्या पाचांत बसते असे वाटत राहते. गर्दीच्या वेळी कुर्ल्याला गाडीत चढलेला प्रवासी मात्र या यादीत बसत नाही. त्याचा एक हात पिशवीत अडकलेला आणि दुसरा मोबाइलवर असतो, डोळे पडद्यावर खिळलेले असतात आणि आधाराची कडी हाताला लागत नसते. गाडी सांधा बदलताना डबा एका अंगाला झुकतो, आणि प्रवाशाच्या मनात काही येण्याआधीच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, त्याच्या घोट्याभोवतीचे स्नायू आवळतात, गुडघा किंचित वाकतो आणि तोल सावरला जातो. आपला घोटा किती अंशांनी वळला, भार टाचेवर आहे की चवड्यावर, कंबर कोणत्या बाजूला झुकली, हे त्याने पाहिलेले नसते आणि केवळ कातडीने ते कळणे शक्य नसते. तोल राखण्यात कानाच्या आतील संतुलनेंद्रियाचाही वाटा आहे. पण ते डोक्याची हालचाल सांगते, घोट्याची नाही.

शरीराचे अवयव कुठे आहेत, कसे वळले आहेत आणि कोणत्या वेगाने हलत आहेत याच्या या आतल्या ज्ञानाला इंग्लंडमधील शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला स्थितिबोध म्हणता येईल. शास्त्राने नाव उशिरा दिले असले तरी भाषेला त्याची ओळख जुनी आहे. एखादे काम अंगवळणी पडते, हाताला वळण लागते, कारागिराचा हात बसतो, असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो याच बोधाबद्दल बोलत असतो: नजर न लावता अवयवाने आपली जागा ओळखावी, ही त्या शब्दप्रयोगांमागची कल्पना आहे. पोथ्यांतील पाचांच्या यादीपेक्षा बोलण्यातील हे शब्द शरीराच्या अधिक जवळचे आहेत.

त्वचेचा स्पर्शही एकजिनसी नाही. तळहाताच्या आणि बोटांच्या केसविरहित कातडीत चार प्रकारचे स्पर्शग्राहक, म्हणजे यांत्रिक दाबाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारे मज्जातंतूंचे टोकाचे अवयव, आढळतात आणि ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातील शोधकांच्या नावांनी ओळखले जातात. मर्केल यांची ग्राहके टेकून राहिलेला दाब आणि वस्तूची कड सांगतात. माइस्नर यांची ग्राहके वस्तू हातातून निसटू लागल्याची सूक्ष्म सळसळ टिपतात. खोलवरची पाचिनी यांची कांद्यासारखी पापुद्र्यांची ग्राहके कंपने ओळखतात. आणि रुफिनी यांची ग्राहके कातडी ताणली गेल्याची वर्दी देतात. स्वीडनमधील संशोधकांनी जागृत माणसांच्या दंडातील मज्जातंतूत बारीक सुई घालून एकेका धाग्यातील संकेत ऐकले आणि 1979 साली असा अंदाज मांडला की एका हाताच्या तळव्याकडील कातडीत अशी सुमारे 17,000 ग्राहके असतात, त्यांतली सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांवर. म्हणून बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात आणि पाठीवर तेच दोन बिंदू चार सेंटिमीटर लांब असले तरी एकच वाटू शकतात. शिवणयंत्रावर कापड सरकवणाऱ्या किंवा जरीचा टाका घालणाऱ्या हाताचे कसब या दाटीवर उभे आहे. कापड किती घट्ट धरायचे हे ठरवणारी खबर माइस्नरच्या ग्राहकांकडून येते आणि ती येणे थांबले की माणूस प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा फार जोराने धरू लागतो. हा अखेरचा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

स्थितिबोधाची साधने याहून खोल आहेत. प्रत्येक स्नायूच्या मांसतंतूंमध्ये मधूनमधून, सूत कातण्याच्या चातीसारखी मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती अशी सूक्ष्म संवेदके, म्हणजे स्नायुचाती, असतात. स्नायू ताणला की तीही ताणली जातात आणि ताण किती आहे व तो किती वेगाने वाढतो आहे हे कळवतात. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत दुसरी संवेदके असतात, ती ओढीचे बळ सांगतात. सांधा किती वाकला हे मुख्यतः सांध्यातून कळते असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होता. 1972 साली गुडविन, मॅक्क्लोस्की आणि मॅथ्यूज यांनी स्थिर ठेवलेल्या दंडाच्या कंडरेवर वेगाने थरथरणारे उपकरण टेकवले, तेव्हा डोळे मिटलेल्या माणसाला आपला न हललेला कोपर सरळ होत असल्याचा भास झाला. कंपनाने स्नायुचाती चेतवल्या गेल्या आणि मेंदूने त्यांच्यावर विश्वास ठेवला. आपला हात कुठे आहे याची माणसाला जी पक्की खात्री असते ती प्रत्यक्षात अशा संकेतांवरून काढलेले अनुमान असते, हे या साध्या प्रयोगाने दाखवले. पुढे 2010 साली आर्डेम पाटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने पिएझो नावाची प्रथिने शोधली, ज्यांतील पिएझो-2 हे प्रथिन पेशीचे आवरण ताणले जाताच उघडणाऱ्या दारासारखे काम करते. या शोधासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ज्यांच्यात जन्मतःच हे प्रथिन निकामी असते अशा मोजक्या व्यक्तींची तपासणी 2016 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे आढळले की त्यांना हलका स्पर्श नीट कळत नाही आणि डोळ्यांवर पट्टी बांधली की चालता येत नाही. स्पर्श आणि स्थितिबोध यांचे दार रेणूच्या पातळीवर बऱ्याच अंशी एकच आहे.

दार एक असले तरी वाटा वेगळ्या आहेत, आणि या लेखातील विवेचनाचा कणा हाच आहे. स्नायुचातींची खबर जाड, वेष्टनयुक्त धाग्यांतून सेकंदाला 70 ते 120 मीटर वेगाने धावते, हलक्या स्पर्शाची 35 ते 75 मीटरने, तर उष्णता आणि ठसठसणाऱ्या वेदनेची वर्दी बिनवेष्टनाच्या बारीक धाग्यांतून सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे फार तर माणसाच्या झपझप चालण्याच्या वेगाने जाते. मज्जारज्जूत शिरल्यावर स्पर्श आणि स्थितिबोध त्याच बाजूने पाठीमागील स्तंभांतून वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत पोहोचल्यावर बाजू बदलतात. वेदना आणि तापमान मात्र मज्जारज्जूतच लगेच पलीकडे जातात. म्हणून एकाच शरीरात एक बोध पूर्ण जाऊन दुसरा शाबूत राहू शकतो. ब-12 जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत पाठीमागचे स्तंभ खराब होतात आणि रुग्ण उजेडात बरा चालतो, पण तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. पाय जुळवून डोळे मिटायला सांगण्याची जर्मन वैद्य रोम्बेर्ग यांची एकोणिसाव्या शतकातील चाचणी आजही हेच पाहते. हे जीवनसत्त्व जवळजवळ सर्वस्वी प्राणिज अन्नातूनच मिळत असल्याने शाकाहारी घरांनी ही खूण ओळखून असावे.

या विभक्तपणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण इंग्लंडमधील इयान वॉटरमन यांचे आहे. 1971 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर त्यांच्या मानेखालचे जाड संवेदनातंतू कायमचे निकामी झाले; स्पर्श गेला, स्थितिबोध गेला, परंतु वेदना आणि तापमान कळत राहिले आणि स्नायूंचे बळही टिकले. बळ असूनही त्यांना बसता येईना, कारण आपले हातपाय कुठे आहेत हेच कळेना. वैद्य जोनाथन कोल यांनी 1991 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यातून कळते की वॉटरमन यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून आणि मनाने आखून पुन्हा चालणे कमावले, पण दिवे गेले की ते कोसळत.

कुष्ठरोगात बऱ्याच अंशी उलट स्थिती असते. या रोगाच्या जंतूंना शरीरातील थंड जागा मानवतात, आणि ते मज्जातंतूंभोवती वेष्टन घालणाऱ्या श्वान पेशींत घर करतात. म्हणून कातडीतील बारीक तंतू आणि जिथे मोठी नस कातडीच्या लगत, गार भागातून जाते अशा जागा, म्हणजे कोपराच्या आतल्या हाडामागची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नस, आधी बळी पडतात. आधी गरम-गार कळेनासे होते, मग वेदना आणि हलका स्पर्श. पण बोटे आणि पावले हलवणारे लांब स्नायू प्रत्यक्ष हातात किंवा पावलात नसून वर, कोपर आणि गुडघ्याजवळच्या उबदार मांसल भागात असतात. त्यांच्या चाती आणि त्यांचे तंतू बहुतेक रुग्णांत दीर्घकाळ सुरक्षित राहतात. परिणामी रुग्णाला पाऊल कुठे पडते आहे ते अचूक कळते. पाऊल कशावर पडते आहे ते कळत नाही.

कोणत्याही निरोगी माणसाच्या तळव्याला फोड आला की तो लंगडतो. लंगडणे हा शरीराने केलेला उपचार आहे, कारण त्याने भार जखमेवरून दुसरीकडे जातो. बधिर पावलाचा माणूस लंगडत नाही. त्याचा स्थितिबोध शाबूत असल्याने त्याची चाल डौलदार आणि ठाम राहते, आणि त्या ठाम चालीचे प्रत्येक पाऊल त्याच जखमेवर, त्याच जोराने पडत राहते. हात बधिर असल्याने तो किल्ली, हँडल, हातोडी गरजेपेक्षा कितीतरी जोराने आवळतो आणि त्याच दाबाने कातडी फाटते. चहाचा तापलेला पेला धरून ठेवतो. 1946 नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी हे सर्व रुग्णांमागे फिरून, त्यांच्या दिवसातील एकेका कृतीवर नजर ठेवून शोधून काढले. काही रुग्णांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत आणि त्यांना जाग येत नसे. बोटे झडत नाहीत. वेदनेचा पहारा उठल्यामुळे रोजच्या वापराने जखमा होतात, त्या चिघळतात, हाड झिजते आणि बोट आखूड होते, हा ब्रँड यांचा निष्कर्ष विसाव्या शतकातील वैद्यकातील अत्यंत माणुसकीच्या निष्कर्षांपैकी एक मानायला हवा, कारण ज्याला शतकानुशतके शाप म्हटले गेले ते टाळता येण्यासारखे आहे हे त्याने सिद्ध केले.

ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कृत्रिम वेदनेचाही प्रयोग केला. हातमोज्यात दाब मोजणारी संवेदके बसवून, दाब वाढला की आवाजाने किंवा विजेच्या झटक्याने सूचना मिळावी अशी व्यवस्था केली. पण काम अडू लागले की रुग्ण सूचना देणारी यंत्रणाच बंद करीत. सूचना कळणे आणि ती आपलीशी वाटणे यांत हा फरक आहे. जी वेदना बंद करता येते ती पहारा देऊ शकत नाही, आणि बधिर अवयव हळूहळू माणसाला स्वतःचा वाटेनासा होतो. म्हणून उरतो तो डोळा. रोज संध्याकाळी तळवे उजेडात धरून पाहणे, पाण्यात भिजवून खरखरीत कातडी घासणे, तेल लावणे, एमसीआर चप्पल, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची चप्पल, वापरणे, ही शिस्त कुष्ठसेवेत काम करणारे कार्यकर्ते रुग्णांना लावत आले आहेत. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 साली मनोहर दिवाण यांनी आणि वरोऱ्याला 1949 साली बाबा आमटे यांनी जे उभे केले, त्यात बधिर हातांनी करायच्या कामाला मोठे स्थान होते. हात जे सांगत नाही ते डोळ्याने विचारून घ्यायचे, अशी ही नवी सवय शरीराला लावावी लागते, आणि ती लावणे औषधाची गोळी देण्याहून कठीण आहे.

औषधाची बाजू सुदैवाने जिंकलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 च्या दशकाच्या आरंभी पुरस्कारलेला बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांत जंतू मारतो आणि तो मोफत मिळतो. भारतात 2005 च्या अखेरीस दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. पण हा आकडा उपचार चालू असलेल्या रुग्णांचा आहे. औषधाचा क्रम पूर्ण झाला की रुग्णाचे नाव यादीतून निघते. त्याच्या पावलाची बधिरता यादीत कधीच नसते. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात आढळतात आणि त्यांची वार्षिक संख्या लाखाच्या घरात आहे.

विकृती मोजण्याची जी पद्धत जगभर मान्य आहे तिच्यात हातापायांसाठी तीन पायऱ्या आहेत: शून्य म्हणजे काहीच दोष नाही, एक म्हणजे संवेदना गेली पण डोळ्यांना काही दिसत नाही, आणि दोन म्हणजे जखम, वाकडेपणा, झीज दिसू लागली. कार्यक्रमाचे यश ज्या निर्देशांकाने जोखले जाते तो दुसऱ्या पायरीचा, नव्या रुग्णांत दिसणारी विकृती किती, हा आहे. वर सांगितलेली सारी शरीरक्रिया ध्यानात घेतली तर या निवडीतील दोष उघड होतो. दुसरी पायरी म्हणजे पहिल्या पायरीची न रोखलेली परिणती होय; पहारा उठला तो दिवस न नोंदवता चोरी झाल्यावरच पंचनामा करण्याची ही रीत आहे. बधिरता सुरू होऊन सहा महिने उलटण्याच्या आत स्टेरॉइड औषधे दिल्यास अनेकांची संवेदना पुष्कळ अंशी परत येऊ शकते, त्यानंतर ती आशा झपाट्याने मावळते. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती अकस्मात उसळून नसांना सूज येण्याचे प्रकार, ज्यांना वैद्य रिॲक्शन म्हणतात, औषधक्रम संपल्यावरही घडतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा रुग्णाकडे पाहण्याचे यंत्रणेला कारण उरलेले नसते.

यावर असे म्हटले जाईल की दिसणारी विकृती वस्तुनिष्ठ असते, तर संवेदना रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून. आणि गर्दीच्या दवाखान्यात अशी नाजूक तपासणी परवडणारी नाही. पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण दृष्टी आणि श्रवण यांची तपासणीही सांगण्यावरच अवलंबून असते आणि तिला कोणी अविश्वसनीय म्हणत नाही. दुसऱ्याला उत्तर फार स्वस्त आहे. ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, तळव्यासाठी दहा ग्रॅम दाबाचा, यासाठी वापरला जातो. आणि तो नसेल तर साध्या बॉलपेनचे टोक ठरलेल्या बिंदूंवर हलके टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ती जागा बोटाने दाखवायला सांगावे, अशी पद्धत आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमात रूढ आहे. काही मिनिटांचे हे काम आशा कार्यकर्तीही शिकू शकते. उणीव साधनाची नसून न दिसणाऱ्या हानीला हानी मानण्याची आहे.

कुर्ल्यासारख्या वस्तीत हा प्रश्न केवळ कुष्ठरोगापुरता राहत नाही. मधुमेह बारीक आणि जाड दोन्ही प्रकारचे तंतू पावलांपासून वर कुरतडत आणतो, आणि इथल्या कारखान्यांत, भंगाराच्या गोदामांत, फलाटांवर दिवसभर उभ्याने राबणाऱ्या पायांत तो आता विरळ राहिलेला नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चप्पल हातात धरून चालणाऱ्या मधुमेही माणसाला खिळा लागला तरी कळणार नाही, आणि तो लंगडणारही नाही. पावलात मुंग्या येतात, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते, चप्पल पायातून कधी निसटली ते समजत नाही, अशी तक्रार घरातील कोणी केली तर ती वयाच्या खात्यावर टाकू नये; ब-12, साखर आणि कुष्ठरोग या तिन्हींच्या दृष्टीने त्याचे पाऊल तपासून घ्यावे. न खाजणारा, न दुखणारा चट्टा दिसला तर त्याच्या न दुखण्याचीच काळजी करावी. आणि आरोग्य खात्याने दरवर्षीच्या अहवालात दुसऱ्या पायरीच्या आकड्याशेजारी पहिल्या पायरीचा आकडा, औषधक्रम पूर्ण झालेल्यांसह, त्याच ठळक अक्षरांत छापावा.